विसावा कोणाच्या वाट्याचा?

काम न करणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. आळशी, ऐदी, रिकामटेकडा, उनाड, कामचुकार. यादी सहज वाढवता येईल. पण जो काम आटोपून मोकळा झाला आहे आणि आता घटकाभर कशासाठीही नव्हे, नुसताच चालणार आहे, त्याच्यासाठी शब्द शोधू लागलो की जीभ अडखळते. ज्या शेतकरी घरांतून आपल्यापैकी बहुतेक जण आले, तेथे हात रिकामे ठेवून बसणे हा जवळजवळ अपराधच मानला जाई. तेव्हा प्रश्न असा की, निव्वळ विरंगुळ्याचा वेळ ख्रिस्ती माणसाला शोभतो काय? आणि शोभत असेल, तर तो त्याला बक्षीस म्हणून मिळतो, की हक्क म्हणून?

हा प्रश्न आमच्या मनात घोळू लागला तो फ्रान्सच्या आग्नेयेस, आनसीच्या सरोवराकाठी. एका उन्हाळ्यात तिकडील एका धर्मग्रामात महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला असता, तेथील एका कुटुंबाने चार दिवस आपल्या तंबूतल्या सुट्टीत आम्हांला सामील करून घेतले. तंबूची सुट्टी म्हणजे गवताच्या मैदानावर आखून दिलेले तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एक तंबू किंवा चाकांवरचे घर, आणि सर्वांना मिळून भांडी घासण्याची एकच मोरी. त्या मोरीवर बँकेतला अधिकारी आणि गवंडी शेजारी शेजारी उभे राहून बशा विसळताना आम्ही पाहिले. कोण कोणत्या हुद्द्यावर आहे, हे चड्डी-बनियनवरून ओळखता येत नाही, हा या सुट्टीचा एक मोठाच गुण म्हणावा लागेल.

दुपारच्या जेवणानंतर सँ-जोरिओ गावाहून द्वँ गावाकडे फिरायला जाण्याचे ठरले. पूर्वी या काठाने आगगाडी जात असे. रूळ उखडून त्या जागी आता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट केली आहे. ती कधी पाण्याला बिलगते, कधी झाडांआड जाते. पलीकडच्या तीरावर तुर्नेतचा डोंगर, 2351 मीटर उंचीचा, आणि त्याच्या पायथ्याशी तालुआरचा जुना मठ. सरोवर हिमनद्यांनी कोरलेले, सत्तावीस चौरस किलोमीटरांचे. द्वँपाशी ते इतके अरुंद होते की एका सरोवराची जणू दोन होतात. अंतर म्हणाल तर चार किलोमीटरांच्या आसपास, पण तेवढ्यासाठी आम्हांला तीन तास लागले. कोणी राजहंस पाहत थांबे, कोणी पाण्यात पाय सोडून बसे. पंधरा दिवसांत सात देश उरकणाऱ्या आपल्याकडील यात्रा-सहलींच्या मार्गदर्शकाला हे दृश्य दाखवले असते, तर त्याला भोवळच आली असती.

यजमानांचे वृद्ध वडील काठी टेकीत आमच्याबरोबर चालत होते. हयात त्यांनी कारखान्यात घालवलेली. ते म्हणाले, "फादर, 1936 साली माझ्या वडिलांना आयुष्यातली पहिली पगारी सुट्टी मिळाली. तिचे काय करायचे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. ते भावाच्या गावी गेले आणि पंधरा दिवस त्याच्या शेतात राबून परत आले."

त्या 1936 सालची हकिकत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी मे-जून महिन्यांत फ्रान्समधील लक्षावधी कामगार संपावर गेले होते. त्यानंतर जूनमध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक पगारदाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज हे क्रीडा व विरंगुळा खात्याचे उपमंत्री होते. त्यांनी कामगारांसाठी आगगाडीच्या सवलतीच्या तिकिटाची सोय केली; विरोधकांनी मात्र त्यांच्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणवले. पुढे 1956 मध्ये दोनाचे तीन आठवडे झाले, 1969 मध्ये चार आणि 1982 मध्ये पाच. साप्ताहिक सुट्टीचा कायदा तर तेथे 1906 सालीच झाला होता. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या आपल्या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा पुरस्कार केला, तेव्हा तो कित्येकांना भाबडेपणा वाटला असेल. मालकाने दिलेली विश्रांती ही भिक्षा नव्हे, हे मान्य व्हायला संप, कायदे आणि कितीतरी वर्षे लागली.

आता धर्मशास्त्राकडे वळू. सात मूळ पापांत आळसाची गणना होते, हे आपण लहानपणी पाठ केले आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी या पापाची केलेली मीमांसा पाहिली की माणूस चकित होतो. त्यांच्या मते हा आळस म्हणजे कामाचा कंटाळा नव्हे. देवाच्या ठायी मिळणाऱ्या आनंदाचाच मनाला येणारा विटाळ. म्हणून ते या पापाला शब्बाथाच्या आज्ञेच्या विरोधात उभे करतात. आळशी तो, ज्याला विसावता येत नाही! या न्यायाने पाहिले तर पहाटेपासून रात्रीपर्यंत धावणारा, रविवारीही दुकान उघडणारा आणि क्षणभर गप्प बसावे लागले तर कासावीस होणारा आपला उद्योगी बांधव या पापापासून वाटतो तितका दूर नाही.

आनसी हे संत फ्रान्सिस द सेल्स यांचे गाव. जिनिव्हाचे बिशप असूनही त्यांना तेथे राहता येत नसल्यामुळे ते आनसीतच राहत. 1609 साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात त्यांनी मोकळ्या हवेत फिरणे, गप्पागोष्टी, वाद्यवादन यांना निर्दोष करमणुकीत जागा दिली आहे, आणि हातावर तित्तिर घेऊन त्याला कुरवाळीत बसलेल्या संत योहानाची जुनी कथाही सांगितली आहे. योहान त्या शिकाऱ्याला विचारतो, की तू आपले धनुष्य सदोदित ताणून का ठेवीत नाहीस? मात्र लगेच ते बजावतात की, करमणूक हाच व्यवसाय होऊ देऊ नये. हा संत सरोवराच्या काठी राहत होता, हे त्याच्या लिखाणातील समतोलावरूनही आम्हांला पटले असते.

एवढ्यावर थांबणे सोपे होते. पण एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. आमच्या त्या निवांत दुपारी तंबूंच्या मैदानावरील शौचालये कोणीतरी धूत होते. ज्या निळ्या पाण्याचे आम्ही कौतुक करीत होतो, ते विसाव्या शतकाच्या मध्यास सांडपाण्याने बिघडू लागले होते. 1957 साली काठावरची गावे एकत्र आली आणि पुढील काळात सरोवराभोवती जमिनीखालून सांडपाण्याची वाहिनी फिरवली गेली. ते खंदक खणणाऱ्यांपैकी किती जणांना काठावर पाय सोडून बसता आले असेल? काही ठिकाणी तर खाजगी बंगल्यांच्या कुंपणांमुळे पाणी दिसेनासेच होते. सार्वजनिक मालकीच्या सरोवरांच्या काठाने पादचाऱ्यांसाठी सव्वातीन मीटरांची पट्टी मोकळी ठेवावी, असे तेथील कायदा सांगतो. कुंपणे मात्र कायदा वाचीत नाहीत.

शब्बाथाच्या आज्ञेत विश्रांती कोणी कोणी घ्यावी याची यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. यादी खालच्या पायरीपर्यंत उतरते, हेच तिचे मोल आहे. मालकाने विसावा घ्यावा आणि दासाने पंखा हलवावा, ही सोय तेथे नाही. पण त्या यादीत पत्नीचे नाव नाही. भाष्यकार सांगतात की ती 'तू' या शब्दातच आली. असेलही. आपल्याकडे मात्र ती कुठेच आलेली दिसत नाही. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या मुंबईला नेणाऱ्या आपल्या आया-मावश्यांनी रविवार कसा पाहिला, तो चुलीपाशी. आजही धर्मग्रामाची सहल निघते, तेव्हा पुरुष पत्ते कुटतात आणि स्त्रिया कांदा चिरीत बसतात. त्या सहलीला विश्रांती कोणाची म्हणावी, हे सहल-समितीने एकदा मोजून पाहावे. फ्रान्समधील त्या मोरीवर निदान बशा विसळणारे पुरुष होते.

विश्रांती घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी अधिक काम करतो, असे तिचे समर्थन नेहमी केले जाते. ते आम्हांला पटत नाही. बैलालाही मालक याच हिशेबाने सोडतो. तिचे फळ मागू लागलो की ती पुन्हा कामाची दासी होते.

तरीही एक घटना येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 8 जून 2023 रोजी सकाळी आनसीच्या याच सरोवराकाठच्या बागेत एका माणसाने चाकूने लहान मुलांवर हल्ला केला. चार चिमुकली मुले आणि दोन प्रौढ माणसे जखमी झाली. सुदैवाने सारी वाचली. त्या वेळी चोवीस वर्षांचा एक कॅथलिक तरुण तेथून चालला होता. फ्रान्समधील कॅथिड्रले पायी पाहत हिंडावे, एवढ्यासाठी त्याने काही महिने मोकळे ठेवले होते. तो पळाला नाही. पाठीवरची पिशवी हातात घेऊन तो हल्लेखोराच्या मागे धावला आणि त्याला मुलांपासून दूर रेटू लागला. त्याने मोकळ्या वेळेचा सदुपयोग केला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या सकाळी त्याला कुठेही वेळेवर पोहोचायचे नव्हते, इतकेच. देशभर त्याचा गौरव झाला, आणि मग तो पुन्हा आपल्या कॅथिड्रलांच्या वाटेला लागला.