आरोप लोकांपुढे, माफी कोणापुढे?

लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, जानेवारी २०१४ मध्ये, अरविंद केजरीवाल यांनी दिल्लीत भ्रष्ट नेत्यांची यादी जाहीर केली. तीत नागपूरच्या नितीन गडकरींचे नाव होते. गडकरींनी फौजदारी बदनामीची तक्रार केली. पतियाळा हाउस न्यायालयाने मागितलेला १० हजार रुपयांचा जातमुचलका द्यायला केजरीवालांनी नकार दिला आणि मे महिन्यात ते तिहार तुरुंगात गेले. काही दिवसांनी जातमुचलका देऊन सुटले. मार्च २०१८ मध्ये त्यांनी गडकरींना पत्र लिहिले, पडताळणी न करता बोललो हे मान्य केले, खेद व्यक्त केला. खटला मिटला.

दोघांमधले वैर संपले, हे चांगलेच झाले. पण आरोप ऐकला होता मतदारांनी, आणि तो मनात ठेवून ते मतदानाला गेले होते. खेदाचे पत्र आले ते चार वर्षांनी, गडकरींच्या नावे. आरोप करताना हाती काय पुरावा होता, हे त्या मतदारांपुढे कधी तपासले गेलेच नाही.

बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनी, हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. राजगृहात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आरोप झाला, तेव्हा चौकशी भिक्खूसंघासमोर झाली आणि कुभांड रचणाऱ्यांना तिथेच कबुली द्यावी लागली. निराधार आरोप हा विनयात गंभीर अपराध ठरला. त्याचे प्रायश्चित्तही संघाच्या देखत घ्यायचे. दोष दाखवणाऱ्याने आधी स्वतःला तपासावे, असेही विनय सांगतो: वेळ योग्य आहे का, बोलणे खरे आहे का, सौम्य आहे का, हिताचे आहे का, मनात मैत्री आहे का.

म्हणजे दोष दाखवायला बंदी नाही. भ्रष्टाचारावर बोट ठेवणे हे तर लोकशाहीत कर्तव्यच आहे.

पण बोलण्याच्या हक्कालाही मर्यादा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी मूलभूत हक्क निरपेक्ष नसतात, असे ठामपणे सांगितले होते. भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याच्या कारणांमध्ये अनुच्छेद १९(२) मध्ये बदनामीचा उल्लेख आहे. १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि फौजदारी बदनामीचे कलम कायम ठेवले. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समाजसेवेची शिक्षाही आता त्यात आली आहे.

माणसाची अब्रू जपलीच पाहिजे. मात्र कैदेच्या धाकाने खरे बोलणाराही गप्प बसतो. सत्याचा बचाव कायद्यात आहे, पण विधान खरे होते आणि लोकहिताचेही होते, हे दोन्ही आरोपीनेच सिद्ध करायचे असते. त्यात वर्षे जातात. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे बोलणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचार आहे. पण त्यासाठीची निवडणूक याचिका निकालानंतरच दाखल होते.

अब्रू गेलेल्या माणसाइतकाच फसवला गेलेला मतदारही इथे पीडित आहे. पडताळणी न झालेल्या आरोपांच्या आधारे टीका करू नये, असे निवडणूक आचारसंहितेत लिहिलेले आहेच. सिद्ध न करता येणारा आरोप त्याच व्यासपीठावरून, मतदानाआधी मागे घ्यावा, एवढे बंधनही तीत यायला हवे.