बस नसलेला रस्ता

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं प्रिन्स रुपर्ट बंदर मागे टाकलं की हायवे 16 थोड्याच वेळात स्कीना नदीला येऊन मिळतो आणि मग कितीतरी वेळ तिचा काठ सोडत नाही. एका अंगाला समुद्राच्या भरतीनं फुगणारं रुंद पात्र, दुसऱ्या अंगाला ढगांत बुडालेले डोंगर आणि कड्यांवरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या धारा. पुढे सेव्हन सिस्टर्सची हिमशिखरं, गिटवांगाकचे जुने टोटेम स्तंभ. विट्सेट गावाजवळ बल्कली नदी कातळाच्या चिंचोळ्या घळीत शिरते. तिथल्या निसरड्या खडकांवर उभे राहून वेट्सुवेटेन आदिवासी लोक लांब दांड्याच्या जाळ्यांनी उसळते सामन मासे धरतात. पिढ्यान्‌पिढ्या धरत आले आहेत. प्रिन्स जॉर्जपर्यंतचा हा सुमारे सातशे वीस किलोमीटरचा पट्टा, इतका देखणा रस्ता जगात थोडाच असेल.

या रस्त्याला लोक ‘हायवे ऑफ टिअर्स’ म्हणतात. इथे बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या बायकामुलींसाठी लोक 1998 साली टेरेस गावात जमले, तेव्हापासूनचं हे नाव. या रस्त्यावरच्या आणि त्याला जोडणाऱ्या रस्त्यांवरच्या 1969 ते 2006 या काळातल्या 18 प्रकरणांची पोलिसांनी ‘ई-पाना’ नावाखाली एकत्र यादी केली. आदिवासी समाजाच्या मते खरा आकडा चाळिसाच्या वर आहे. त्यांतल्या बहुतेक जणी आदिवासी, कित्येक तर अजून विशीतही न पोहोचलेल्या. 2002 साली एक गोरी तरुणी नाहीशी झाली, तेव्हा कुठे देशभरच्या वर्तमानपत्रांचं लक्ष इकडे वळलं. तोवर तीस वर्षं उलटली होती.

विट्सेटजवळ एक मोठा फलक लागला होता: मुलींनो, या रस्त्यावर लिफ्ट मागू नका, खुनी मोकाट आहे. लावणाऱ्यांची कळकळ खरीच होती. तरी त्या फलकाबद्दल वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. शाळा, दवाखाना, वाणसामान, नोकरी सगळं पुढच्या गावात; घरात गाडी नाही, गावातून परवडेल अशी बस नाही. मग त्या मुलीनं जायचं कसं?

हा प्रश्न 2006 साली प्रिन्स जॉर्जच्या परिषदेत या बायकामुलींच्या घरच्या लोकांनी स्पष्टपणे मांडला. तिथून निघालेल्या 33 शिफारशींत गावोगाव थांबणारी बस ही ठळक मागणी होती. ती बस धावू लागली 2017 साली. अकरा वर्षं! एवढ्या काळात कुठला डोंगर आडवा आला होता? 2015 मध्ये तर प्रांताच्या माहिती आयुक्तांना आपल्या अहवालात नमूद करावं लागलं, की या रस्त्यासंबंधीचे ईमेल वाहतूक खात्यातून पुसून टाकण्यात आले होते. मोबाइलची रेंज नसलेले लांबच लांब पट्टे भरून काढण्याची घोषणा व्हायला 2021 उजाडलं.

म्हणून ‘दुर्गम’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मैलोन्‌मैल माणूस नाही, हे टाकी भरून निघालेल्या पर्यटकाचं सुख असतं. तोच निर्जनपणा पायी चाललेल्या मुलीच्या जिवावर उठतो. डोंगर दोघांनाही सारखेच. फरक पडतो तो कुणासाठी काय सोय करायची, हे ठरवणाऱ्यांमुळे.

आणि हे ठरवणं जुनं आहे. याच रस्त्यालगत फ्रेझर सरोवराच्या काठी लेजॅकची निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडून आणलेली आदिवासी मुलं तिथे ठेवत. 1937 च्या पहिल्या दिवशी चार मुलगे तिथून घरी जायला निघाले आणि गोठलेल्या सरोवरावर थंडीनं मेले. घर काही फार लांब नव्हतं. बेपत्ता आदिवासी स्त्रियांवरच्या राष्ट्रीय चौकशीनं 2019 मध्ये ‘वंशसंहार’ हा शब्द वापरला, तेव्हा अनेकांना तो अतिशयोक्त वाटला. लेजॅकपासून या हायवेपर्यंतचा इतिहास सलग वाचणाऱ्याला तसं वाटणार नाही.

बसची गोष्टही 2017 मध्ये संपली नाही. 2018 साली ग्रेहाउंड या बस कंपनीनं इथली सेवा बंद केली आणि सरकारला बदली बस सुरू करावी लागली. तीही रोजची नव्हती, आठवड्यातल्या ठरावीक वारांची. कामाची पाळी, दवाखान्याची वेळ, घरातलं आजारपण ते वार पाहून येत नाही.