फोटो कशासाठी?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा आमच्या महिला मंडळाने चादरी आणि शिधा गोळा करून चिकोडी तालुक्यातल्या एका गावी नेला. शाळेच्या वर्गांतून माणसं राहत होती. देणगीदारांना दाखवायला फोटो हवेत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एका आजींच्या हातात चादर देताना मी म्हटलं, "आज्जी, जरा इकडं बघा." त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि आतूनच विचारलं, "काय वो बाई, फोटो काढल्याशिवाय चादर देत नाहीसा काय?"

मी हसून वेळ मारून नेली. फोटो मात्र काढला, पदराआडचाच. रात्री ग्रुपवर टाकला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, किती बोलका फोटो! तो खरंच चांगला आला होता, आणि तेच मला खात राहिलं. गावी जाताना मनात दया होती, हे मी शपथेवर सांगेन. पण बटणावर बोट ठेवलं त्या क्षणी मनात फक्त फोटो होता.

पुढे एकदा माझ्या मुलीने लॅपटॉपवर एक माहितीपट दाखवला, 'द सॉल्ट ऑफ द अर्थ'. 2014 सालचा. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांच्यावरचा. त्यांच्या मुलाने आणि जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने मिळून केलेला. बघता बघता मी माझ्याच प्रश्नाशी येऊन पोचले. दुसऱ्याच्या दुःखाचा फोटो माणूस काढतो तो कशासाठी?

साल्गादोंचा जन्म 1944 चा. वडिलांची गुरांची मोठी शेती. ते स्वतः शिकले अर्थशास्त्र. देशात लष्करी राजवट होती, म्हणून 1969 मध्ये पत्नी लेलियासह पॅरिसला गेले. पुढे लंडनमध्ये कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत चांगली नोकरी मिळाली. लेलिया वास्तुकला शिकत होत्या. त्यांनी अभ्यासासाठी कॅमेरा घेतला आणि तो नवऱ्याच्या हाती गेला. 1973 मध्ये साल्गादोंनी नोकरी सोडली. बायकोची वस्तू नवऱ्याने घेतली ती परत दिलीच नाही, असं आपण बायका म्हणू! पण पुढची सगळी पुस्तकं, प्रदर्शनं मांडण्याचं काम लेलियांनीच केलं. घराघरांत असंच असतं, नाव एकाचं आणि मांडणी दुसऱ्याची.

साल्गादो एकेक विषय घेऊन वर्षानुवर्षं त्यामागे फिरत. प्रत्येक वेळी हेतू मात्र वेगळा. 1984-85 मध्ये आफ्रिकेच्या साहेल भागात दुष्काळ पडला, तेव्हा ते डॉक्टरांच्या एका संघटनेबरोबर गेले. तिथला हेतू सरळ होता. जगाने हे बघावं आणि मदत पाठवावी.

मग आलं 'वर्कर्स', 1993 चं पुस्तक. यंत्रं येऊन हातांचं काम संपत चाललंय, ते संपण्याआधी त्या हातांची नोंद ठेवावी, हा विचार. त्यात सेरा पेलादाची सोन्याची खाण आहे. एका प्रचंड खड्ड्यात हजारो माणसं चिखलाने माखलेली, पाठीवर मातीची पोती घेऊन शिड्या चढताहेत. बघताना वाटतं, गुलामच असणार. पण ती आपणहून आलेली माणसं होती. आपल्या पोत्यात सोनं निघेल या आशेने आलेली. आपल्याकडच्या धनबादच्या कोळसा खाणींतले कामगारही या पुस्तकात आहेत.

त्यानंतर 2000 साली स्थलांतरितांवरचं पुस्तक. साल्गादो स्वतः देश सोडलेले, तेव्हा ही ओढ घरातूनच आलेली. त्यात मुंबईचं चर्चगेट स्टेशन आहे, 1995 चं. दोन बाजूंना गाड्या स्थिर उभ्या आणि मधून माणसांचा लोंढा धुक्यासारखा वाहतोय. आपल्यापैकी कितीतरी जणींची भावंडं त्या धुक्यात असतील.

फोटो सुंदर आहेत, आणि नेमका त्यावरच आक्षेप घेतला गेला. दुःख इतकं सुंदर का दिसावं? अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी 2003 मध्ये आणखी नेमकं बोट ठेवलं. या फोटोंतल्या दुबळ्या माणसांची नावं खाली नाहीत, याने ती केवळ दारिद्र्याचे नमुने होऊन बसतात, असं त्यांचं म्हणणं. साल्गादोंचा युक्तिवाद असा की, गरिबाच्या देशातही प्रकाश तोच असतो आणि माणसाची प्रतिष्ठाही तीच, मग त्याला कुरूप का दाखवायचं?

मला दोघांचंही पटतं. आणि आजींचं नाव मी विचारलं नव्हतं, हेही आठवतं.

1994 मध्ये रवांडात कत्तली झाल्या. त्या काळात साल्गादोंनी तिथे इतकी प्रेतं पाहिली की त्यांचं शरीरच बिघडलं, माणूस या प्राण्यावरचा विश्वास उडाला. जग बघेल, शहाणं होईल, हा साहेलमधला हेतू इथे कोसळला. ते वडिलांच्या शेतीवर परतले. तीही मरायला टेकली होती. झाडं तोडून माळ झालेला, माती वाहून गेलेली. लेलिया म्हणाल्या, इथे पुन्हा जंगल लावू. 1998 मध्ये त्यांनी संस्था काढली. तिने आजवर 20 लाखांहून अधिक झाडं लावली. ओढे परत आले, पक्षी आले. झाडं वाढताना बघून साल्गादोंनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि माणसाने न बिघडवलेल्या पृथ्वीचे फोटो काढले. ते 'जेनेसिस', 2013 चं. या प्रदर्शनांना एका मोठ्या खाण कंपनीचा पैसा होता, हेही खरं. 2025 च्या मे महिन्यात साल्गादो गेले.

कृतीइतकाच भाव महत्त्वाचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. नांगर चालवणारा शेतकरी आणि रिकामं जाळं घेऊन परतणारा कोळी, हा दृष्टांत कुणाला माहीत नाही? नांगराखाली जीव गेले तरी शेतकऱ्याच्या मनात मारणं नव्हतं. मासा मिळाला नाही तरी कोळ्याच्या मनात होतं. पटतं ते. पण मला एक शंका आहे. आपला भाव कोणता होता हे सांगणार कोण? आपणच ना! कुणाच्या पायावर पाय पडला की सगळ्यात आधी तोंडातून निघतं, "माझ्या मनात तसं नव्हतं हो." आणि भाव तरी एक कुठे असतो? भाजीच्या परडीत भेंडीबरोबर मिरचीही येते, तसे दया, हौस, नाव व्हावं ही इच्छा, सगळे एकत्रच येतात. शुद्ध हेतूची वाट बघत बसलो तर चादरीही कपाटातच राहतील.

म्हणून मी आता हेतूकडे मागून बघते. फोटो काढून झाल्यावर माणूस कुठे गेला, काय केलं? साल्गादोंची झाडं मला इथे मोलाची वाटतात. अर्थात त्या झाडांनी साहेलमधल्या भुकेल्या आईचं देणं फिटलं, असं मी म्हणणार नाही. ती झाडं तिच्या दारात लागली नाहीत. काही देणी ज्याची त्याला देता येत नाहीत. पण ज्यांची देता येतात, तिथे तरी टाळाटाळ नको.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या गावी गेले. आजी घराची भिंत सारवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "त्या फोटोवाल्या बाई न्हवं?" चादरीचं त्यांनी काही काढलं नाही. मी फोनवर तो फोटो दाखवला, माफी मागितली आणि त्यांच्यासमोर पुसून टाकला. ग्रुपवरून किती फोनांत गेला असेल, तो मात्र माझ्या हातात राहिला नव्हता. मग नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, चहाही दिला. ते नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू का, हे विचारायचं राहिलं.

मंडळात मी सुचवलं, यापुढे वस्तूंच्या ढिगाचा आणि पावत्यांचा फोटो पुरे. सचिव म्हणाल्या, "अहो वहिनी, माणसं दिसली नाहीत तर पुढच्या वेळी देणगी कोण देईल?" त्यांचंही खोटं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी हे आम्हाला एकदा बसून ठरवावं लागेल.