बंदिशाळेंतील अपूर्णांक

१९९४ सालीं अमेरिकेंत कैद्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची सरकारी मदत बंद झाली. ती पुन्हा खुली झाली २०२३ सालीं. मधल्या काळांत कॅलिफोर्नियांतील सॅन क्वेंटिन तुरुंगांत शिक्षकांनीं वर्षानुवर्षें विनावेतन शिकविलें. पदवीपूर्वींची गणिताची व लेखनाची तयारीहि करून घेतली.

ज्याचा मुलगा मारला गेला तो बाप विचारील, ‘माझ्या पोराची शाळा कायमची सुटली, आणि मारेकऱ्याला फुकट गुरुजी?’ शिक्षकापाशीं याला उत्तर नाहीं. क्षमेचा अधिकार त्या बापाचा. तो परस्पर वापरणें ही चोरीच. मात्र कोर्टानें स्वातंत्र्य हिरावलें. अपूर्णांकहि हिरावावे, असें निकालपत्रांत लिहिलेलें नसतें. पन्नाशीचा कैदी बेरीज चुकतो, खोडतो, पुन्हा मांडतो. ती बरोबर कीं चूक, एवढेंच शिक्षकानें सांगावयाचें असतें.