धरलंय!

जीपच्या क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळत होता. मामाने नवा बसवला आणि तो गाडीखाली आडवा झाला. मी सीटवर. आता हवा काढायची होती.

"दाब. धर."

"धरलंय!"

मग तो निपल ढिलं करायचा, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर यायचं, तो निपल आवळायचा. "सोड." परत तेच. निपल उघडं असताना पेडल सुटलं, तर हवा उलटी आत ओढली जाते. एकदा माझा पाय निसटला. कंटाळा आला होता. मी गप्प बसलो.

द्रव जवळपास दबतच नाही, म्हणून पायाचा जोर पार सिलिंडरपर्यंत पोचतो. दाबाबद्दलचं पास्कलचं लेखन १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. हवा मात्र दबते. जोर वाटेतच खाऊन टाकते.

मी खोटा शब्द उच्चारला नव्हता. पण मामाला माझा पाय दिसत नव्हता, मला त्याचा पाना. आमच्यामध्ये होता फक्त एकमेकांचा आवाज, आणि त्याच्या भरवशावर तो काम करत होता. अशा वेळी गप्प राहणं हे खोटं बोलणंच नाही का?

शेवटी पेडल मऊ लागलं. मी म्हणालो, "मामा, मघाशी पाय सुटला होता."

"बरं केलंस सांगितलंस. चल, पहिल्यापासून."

त्याने मला प्रामाणिक ठरवलं. मला मात्र अजून प्रश्न पडतो: पेडल कडक लागलं असतं, तर मी सांगितलं असतं का?