पंचाची पूर्वतयारी

पंचानें लांच घेऊं नये, हें सर्वांस मान्य आहे. परंतु तेवढ्यानें तो न्यायी ठरतो काय? अमेरिकेंतील एन. बी. ए. संघटनेचे बास्केटबॉल-पंच हंगामापूर्वीं एकत्र जमून धांवण्याचा सराव करितात, नियमांचा खल करितात आणि आपल्याच जुन्या चुका चित्रफितींवर पुनः पाहतात. न्यायदानास धांवणें कशास हवें? ९४ फूट लांबीच्या मैदानावर तीन पंच असूनहि, चुकीच्या जागीं उभ्या असलेल्यास खेळाडूच्या देहाआडचा धक्का दिसत नाहीं. मग मन कितीहि निर्मळ असो, एका संघावर अन्याय होतोच. घरांतील तंटा एकाच बाजूचें ऐकून मिटविणारे आम्ही वडीलधारेहि आपल्या सद्धेतूचाच हवाला देतों. पण निवाड्याचा अधिकार ज्यास हवा, त्यानें नीट दिसेल तेथवर जाण्याचे कष्ट आधीं घेतले पाहिजेत. ते टाळणें हाहि पक्षपातच होय.