पुरावा ही ठेव असते

सरकारी वकिलाच्या कपाटातला पुरावा कोणाचा? त्याचा स्वतःचा नव्हे. झडती, समन्स, चौकशी या अधिकारांतून तो जमा होतो आणि ते अधिकार जनतेचे असतात. त्या जनतेत आरोपीही आला. म्हणून पुरावा ही ठेव. सोयीचा तेवढा मांडून उरलेला दडवणे ही ठेवीची अफरातफर होय.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ब्रेडी खटल्यात बजावले होते की, आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा दडवला तर सुनावणी न्याय्य राहत नाही. दडवणाऱ्याचा हेतू काहीही असो.

तरी २००८ साली अलास्काचे सेनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या खटल्यात तेच घडले. उद्योजक बिल ॲलनच्या कंपनीने त्यांच्या घराचे काम केले आणि ही भेट त्यांनी विवरणपत्रात लपवली, असा आरोप होता. स्टीव्हन्स यांनी तर ॲलनकडे बिल मागणारी चिठ्ठी लिहिली होती. ॲलनने साक्षीत सांगितले, ‘ती चिठ्ठी मनावर घेऊ नकोस, असे त्यांच्या मित्रानेच मला सांगितले.’ या एका वाक्याने बचावातला जीव गेला. मात्र एप्रिलमधल्या चौकशीत ॲलनला असे बोलणे झाल्याचे आठवतच नव्हते. सरकारी वकिलांच्या टिपणांत तशी नोंद होती. बचाव पक्षाला ती टिपणे दिलीच नाहीत.

२७ ऑक्टोबरला स्टीव्हन्स दोषी ठरले. आठ दिवसांनी निवडणूक झाली आणि चाळीस वर्षांची जागा गेली. टिपणे उजेडात आल्यावर सरकारनेच माघार घेतली. एप्रिल २००९ मध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी निकाल रद्द केला. झालेले मतदान मात्र रद्द होत नाही.

स्टीव्हन्स खरेच दोषी होते का? रीतसर उत्तर आता मिळणार नाही. २०१० साली विमान अपघातात ते गेले. ते निर्दोष असतील तर त्यांच्यावर अन्याय झाला. दोषी असतील तर जनतेवर. दडवलेला पुरावा दोन्ही बाजूंचे सत्य गिळतो.

२०१२ च्या चौकशी अहवालाने ही दडवणूक पद्धतशीर ठरवली. तरी न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरावा, अशी शिफारस झाली नाही, कारण न्यायाधीशांनी पुरावा देण्याचा स्पष्ट आदेश काढलाच नव्हता. वकिलांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. २०२० च्या कायद्याने तिथल्या संघीय न्यायालयांत असा आदेश सुरुवातीलाच देणे बंधनकारक केले. ठेव सांभाळणाऱ्याचा शब्द पुरेसा नसतो. तिचा हिशेब मागावाच लागतो.